व्यवहारातील इंग्रजी : दुकान नेमके कोणाचे?



मागील लेख प्रसिद्ध झाल्यावर मंगरूळपीरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे यजमान आणि धाकटे दीर मिळून कापडाचे दुकान चालवतात. दुकानाचे नुकतेच नूतनीकरण झाले. नवी पाटी इंग्रजीतही असावी, असा घरातील मुलांचा आग्रह. पाटीवर दोन्ही भावांची नावे यावीत, हे एकमताने ठरले. मात्र नावाच्या शेवटी वरच्या बाजूला जे स्वल्पविरामासारखे चिन्ह देतात, ते एका नावाला द्यावे की दोन्ही नावांना, यावर घर अडले. शेवटी पेंटरनेच तोडगा काढला. तो म्हणाला, “दोन्ही नावांना देऊन टाकतो, म्हणजे कोणी रागावणार नाही.” ताईंनी विचारले आहे की, पेंटरचे म्हणणे बरोबर आहे काय?

पेंटरचा हेतू निर्मळ आहे, पण त्याचे व्याकरण चुकले आहे. त्याने सुचवलेली पाटी लागली असती, तर एकत्र व्यवसाय करणारे दोघे भाऊ इंग्रजीपुरते तरी त्याच दिवशी विभक्त झाले असते. हे कसे, ते समजून घेण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतील. मालकी दाखवण्याची इंग्रजीची रीत ही पहिली, आणि एका नामाला दुसरे नाम जोडण्याची रीत ही दुसरी. आपल्या बिलांत, पाट्यांत, करारपत्रांत आणि मृत्युपत्रांत या दोन्ही रीती पदोपदी येतात, म्हणून हा महिना त्यांच्यासाठी.

चिन्ह कोठे द्यावे?

या चिन्हाचे नाव अपॉस्ट्रॉफी. जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांना षष्ठीच्या अर्थी ‘एस’ आणि त्याच्या आधी एक स्वर असा प्रत्यय लागत असे. पुढे उच्चारातून तो स्वर गळाला. गळालेल्या अक्षराची खूण म्हणून सोळाव्या शतकात फ्रेंच लेखनाच्या वळणावर हे चिन्ह इंग्रजीत आले, आणि कालांतराने मालकीची खूण म्हणून स्थिरावले.

आपली मराठी मालकी वेगळ्या प्रकारे दाखवते. रमेशचा गल्ला, रमेशची गादी, रमेशचे दुकान, रमेशची दुकाने. मालक एकच, पण वस्तूचे लिंग आणि वचन बदलले की प्रत्ययही बदलतो. इंग्रजीला वस्तूशी कर्तव्य नाही. ती केवळ मालकाकडे पाहते. मालक एक की अनेक, एवढाच तिचा प्रश्न. त्यामुळे नियम थोडे आहेत.

पहिला नियम. मालक एक असेल तर आधी चिन्ह, मग ‘एस’. भाऊ एक असेल तर “ब्रदर’स शॉप”.

दुसरा नियम. मालक अनेक असतील आणि त्यांच्या अनेकवचनाच्या शेवटी ‘एस’ आधीच असेल, तर चिन्ह त्या ‘एस’ नंतर. भाऊ अनेक असतील तर “ब्रदर्स’ शॉप”.

तिसरा नियम. ज्या नामांचे अनेकवचन ‘एस’ न लावता होते, जसे मेन, विमेन, चिल्ड्रन, त्यांना एकवचनाप्रमाणेच आधी चिन्ह आणि मग ‘एस’. कापड व्यापाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. “मेन’स वेअर” आणि “चिल्ड्रन’स वेअर” यांत चिन्ह ‘एस’ च्या आधी, तर “लेडीज’ वेअर” मध्ये नंतर. बाजारात या तीन शब्दांच्या पाट्या पाहिल्या, तर बहुधा तिन्हींवर चिन्ह एकाच जागी दिसते, किंवा कोठेच दिसत नाही.

चौथा नियम निषेधाचा आहे. केवळ अनेकवचन करायचे असेल, तर हे चिन्ह मुळीच द्यायचे नाही. तांदळाचे अनेक प्रकार मिळतात, डाळी मिळतात, साड्या मिळतात, हे सांगताना ‘एस’ च्या आधी चिन्ह लावले, की तांदळाची, डाळीची किंवा साडीची कोणती वस्तू, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. ही चूक इंग्लंडातही इतकी पसरलेली आहे, की तिथे तिला भाजीविक्रेत्याचा अपॉस्ट्रॉफी असे थट्टेचे नाव आहे. तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी फार संकोच करू नये. ज्यांची ती भाषा, त्यांचे व्यापारीही त्याच पंगतीत बसलेले आहेत.

या एका चिन्हाने केवढा फरक पडतो, याचे एक उदाहरण माझ्या क्षेत्रातले. ब्रिटनमधील प्रसिद्ध लॉइड्स बँक आपल्या नावात हे चिन्ह लिहीत नाही. तिचा उगम १७६५ साली बर्मिंगहॅममध्ये टेलर आणि लॉइड यांच्या पेढीत झाला. जहाजांच्या विम्यासाठी जगभर विख्यात असलेला लंडनचा लॉइड’स हा विमाबाजार मात्र चिन्ह आवर्जून लिहितो, कारण त्याची सुरुवात एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात झाली. कॉफीगृह हा शब्द नावातून गळाला, तरी ‘लॉइडचे’ एवढे शिल्लक राहिले. उच्चार दोन्हींचा एकच. कागदावर मात्र एक बँक आहे आणि दुसरा विमाबाजार. आपल्या नागपूरच्या हल्दीरामच्या पाकिटावरील इंग्रजी नाव बारकाईने पाहा. तिथेही नावानंतर चिन्ह आणि ‘एस’ आहे. ‘हल्दीरामचे’ एवढेच म्हटले आहे. काय, ते ग्राहकाला ठाऊक आहे.

दोन मालक, एक वस्तू

आता ताईंच्या पाटीकडे वळू. दोन मालकांची एकच सामाईक वस्तू असेल, तर चिन्ह आणि ‘एस’ केवळ शेवटच्या नावाला लागते. “रमेश अँड सुरेश’स शॉप” म्हणजे दोघांचे मिळून एक दुकान. दोघांच्या वस्तू वेगवेगळ्या असतील, तर प्रत्येक नावाला स्वतंत्र चिन्ह लागते आणि पुढील नाम बहुधा अनेकवचनी होते. “रमेश’स अँड सुरेश’स शॉप्स” म्हणजे रमेशचे एक आणि सुरेशचे दुसरे.

मराठीने हीच सोय ‘यांचे’ या एका शब्दाने केली आहे. रमेश व सुरेश यांचे दुकान, असे म्हटले की दोघांची नावे जणू एका मुठीत येतात आणि त्या मुठीला प्रत्यय लागतो. रमेशचे व सुरेशचे, असे म्हटले की मूठ सुटते. इंग्रजीत शेवटच्या नावाचे चिन्ह हे या ‘यांचे’ चे काम करते. एवढे लक्षात ठेवले की नियम पाठ करावा लागत नाही.

सर्वनाम आले की मात्र ही मूठ चालत नाही. ‘माझे आणि माझ्या भावाचे दुकान’ लिहिताना भावाला चिन्ह द्यावे लागते आणि स्वतःसाठी ‘माय’ हा शब्द वापरावा लागतो : “माय ब्रदर’स अँड माय शॉप”. हे कानाला अवघडच लागते. म्हणून जाणकार इंग्रजी लेखक सरळ “अवर शॉप”, आमचे दुकान, असे लिहून मोकळे होतात. पुष्कळदा व्याकरणाची अडचण आपलेपणाने सुटते, ती अशी.

नामाला नाम जोडताना

मालकी दाखवण्यासाठी दर वेळी चिन्ह लागतेच असे नाही. इंग्रजीत एका नामापुढे दुसरे नाम नुसते ठेवले, तरी संबंध प्रकट होतो. आपल्याकडील तत्पुरुष समासासारखाच हा प्रकार आहे. राजवाडा म्हणजे राजाचा वाडा. ‘चा’ गळतो आणि शेवटचे पद मुख्य राहते. इंग्रजीतही शेवटचे नाम मुख्य, त्याच्या आधीची सर्व नामे त्याची विशेषणे.

आपल्या भागातील व्यापाऱ्यांना याचे उदाहरण शोधायला बाहेर जावे लागत नाही. “कॉटन सीड ऑइल केक” हा शब्दप्रयोग घ्या. चार नामे एकामागे एक उभी आहेत. शेवटून वाचत जावे. केक म्हणजे ढेप. कशाची? तेल काढून उरलेली. कशाचे तेल? बियांचे. कशाच्या बिया? कापसाच्या. म्हणजे आपली सरकी ढेप. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात या ढेपेच्या सौद्यांचे मूळ केंद्र अकोला आहे, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक असेलच.

आता यातील दोनच शब्दांची अदलाबदल करू. “कॉटन सीड” म्हणजे सरकी. “सीड कॉटन” म्हणजे सरकीसह असलेला कापूस, शेतकरी जो वेचून जिनिंगला आणतो तो. एक क्विंटल कापसातून साधारणपणे ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. शब्दांची जागा बदलली तर माल बदलतो आणि भावही बदलतो. मराठीत आपण सरकी, कापूस आणि रुई असे तीन स्वतंत्र शब्द वापरतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजी बिल करणाऱ्या मुलाने मात्र शेवटचे नाम कोणते, हे दोनदा पाहावे.

गावांच्या नावांत मराठी कधी कधी उलटी चालते. कारंजा लाड आणि शिरपूर जैन ही आपल्या जिल्ह्यातील नावे पाहा. शिरपूर नावाची गावे अनेक, म्हणून आपल्या शिरपूरची ओळख पटवणारा शब्द मागे लावला. मुख्य नाम आधी आणि ओळख नंतर. इंग्रजीच्या नियमाने ‘कारंजा लाड’ वाचले, तर ‘कारंजाचा कोणी लाड’ असा अर्थ निघेल. नियम भाषेचा असतो. गावाचे नाव गावाचे असते. तिथे व्याकरणाने हात जोडून उभे राहावे.

नामाला नाम जोडताना पुढचे नाम सामान्यतः एकवचनी ठेवतात. शंभराच्या नोटेला आपण सहज “हंड्रेड रुपी नोट” म्हणतो, ‘रुपीज नोट’ म्हणत नाही. तसेच पन्नास किलोचे पोते “फिफ्टी किलो बॅग”. काही शब्द मात्र ‘एस’ सोडत नाहीत : सेव्हिंग्ज बँक, सेल्स टॅक्स, गुड्स ट्रेन, कस्टम्स ड्यूटी, अकाउंट्स डिपार्टमेंट. त्यातील काहींचे कारण सरळ आहे. ‘गुड’ म्हणजे चांगले, ‘गुड्स’ म्हणजे माल. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, ‘कस्टम्स’ म्हणजे जकात. ‘एस’ काढला तर अर्थच बदलतो. १ जुलै २०१७ पासून ज्या कराने आपल्या सर्वांना संगणकापुढे बसवले, त्या “गुड्स अँड सर्व्हिसेस टॅक्स” मध्येही दोन्ही नामे अनेकवचनीच आहेत.

उधारीची मुदत लिहिण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही शुद्ध आहेत. “थर्टी डे क्रेडिट” लिहिले तर दिवस एकवचनी, चिन्ह नाही. “थर्टी डेज’ क्रेडिट” लिहिले तर दिवस अनेकवचनी आणि ‘एस’ नंतर चिन्ह. दोहोंची भेसळ तेवढी करू नये.

निर्जीव वस्तूला मालकीचे चिन्ह लावण्याचा मोह आपल्याला फार होतो, कारण मराठीत दुकानाचे दार, गाडीचे चाक, दोन्ही ‘चे’ नेच होते. पारंपरिक इंग्रजी वळण असे, की माणसे, प्राणी, संस्था आणि काळ यांना चिन्ह लावावे. वस्तूंच्या बाबतीत नामे नुसती जोडावीत, किंवा ‘ऑफ’ वापरावे. म्हणून “शॉप डोअर” किंवा “डोअर ऑफ द शॉप”. आजकाल हा नियम पुष्कळ सैल झाला आहे, तरी औपचारिक पत्रात पाळलेला बरा.

दोन्ही रीती एकाच नावात पाहायच्या असतील, तर बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला परिचित असलेला एक कायदा आहे : १८९१ चा “बँकर्स’ बुक्स एव्हिडन्स ॲक्ट”. या कायद्यामुळे न्यायालयात बँकेची मूळ खातेवही न नेता तिच्यातील नोंदीची प्रमाणित प्रत पुराव्यात चालते. नाव मागून वाचा. कायदा, पुराव्याचा, वह्यांच्या, बँकर्सच्या. वह्या बँकर्सच्या, म्हणून पहिल्या नामाला चिन्ह. आणि बँकर्स अनेक, म्हणून ते ‘एस’ नंतर. पुढची नामे नुसती जोडलेली. चार शब्दांत दोन्ही नियम नांदत आहेत.

एक न उमटलेले चिन्ह

आता जे सांगतो ते नियमांपेक्षा महत्त्वाचे आहे, आणि त्यात माझाही दोष आहे.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्या आधीचे हे दिवस. आपला सारा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता. मी या भागातील एका शाखेत अधिकारी होतो. एक वयोवृद्ध अडत व्यापारी आमचे जुने खातेदार. पत्नी निवर्तलेली, अपत्य नाही. त्यांना दोन भाऊ. थोरले फार पूर्वीच दुसऱ्या गावी स्थायिक झालेले, त्यांना तीन मुलगे. धाकटे याच गावात, त्यांना दोन मुलगे. व्यापाऱ्यांचे जेवणखाण धाकट्या भावाकडे असे आणि त्याचे मुलगेच दुकानात हाताशी असत.

एके दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, “साहेब, मृत्युपत्र केले आहे. इंग्रजीत आहे. एकदा वाचून दाखवा, सर्व बरोबर आहे ना?” कागद टंकलिखित होता, सगळा मोठ्या अक्षरांत. मी मोठ्याने वाचला. दुकान, घर आणि बँकेतील ठेव “ब्रदर्स सन्स” यांना समान वाट्याने द्यावी, असा त्याचा आशय. मी मराठीत सांगितले, “पुतण्यांना सारखे वाटून द्यावे, असे लिहिले आहे.” त्यांनी समाधानाने मान हलवली, कागदाची पुन्हा घडी केली आणि गेले.

दीड-दोन वर्षांनी ते निवर्तले. ठेवीवर नामनिर्देशन नव्हते. त्याची सोय बँकांत १९८५ च्या नियमांपासून होती, पण त्यांनी ते केले नव्हते आणि आम्हीही कधी आठवण दिली नव्हती. पुढे पाचही पुतणे तोच कागद घेऊन माझ्यापुढे बसले. कागदावर ‘ब्रदर्स’ मधील ‘एस’ च्या आधी चिन्ह नव्हते आणि नंतरही नव्हते. टंकलेखकाने ते दाबलेच नव्हते.

धाकट्याचे मुलगे म्हणाले, चिन्ह ‘एस’ च्या आधी हवे होते. भाऊ एकच, ज्याच्याकडे काका राहिले तो. वारस दोघे. थोरल्याचे मुलगे म्हणाले, चिन्ह नंतर हवे होते. भाऊ दोन्ही, म्हणून वारस पाच. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. ठेव पाच लाखांची धरा. पहिल्या अर्थाने प्रत्येकी अडीच लाख दोघांना. दुसऱ्या अर्थाने प्रत्येकी एक लाख पाचांना. कोणीतरी तिसरा अर्थही काढला, की समान वाटे भावांच्या घरांचे. म्हणजे अडीच लाख एका घरात दोघांत, आणि अडीच लाख दुसऱ्या घरात तिघांत. तिन्ही अर्थ त्या एका ओळीत बसत होते. पाचांतील सर्वांत थोरल्याने तो कागद उचलून खिडकीच्या उजेडापुढे धरला. चिन्ह पुसट झाले असेल, असे त्याला वाटले असावे. तिथे पुसट व्हायलाही काही नव्हते.

वाद असल्यामुळे न्यायालयाचा आदेश आणा, एवढेच सांगणे बँकेच्या हाती होते. ठेवीचे मुदतीमागून मुदत नूतनीकरण होत राहिले. दुकानाला कुलूप लागले. शेतकऱ्याने माल आणायचे थांबत नाही. तो समोरच्या अडतीवर जाऊ लागला. अखेर सहा वर्षांनी तडजोड झाली. ठेव पाचांत सारखी वाटली गेली, दुकान व घर धाकट्याच्या मुलांकडे गेले. तोवर त्या दुकानाची गिऱ्हाइकी संपली होती. दोन्ही घरांत आजही एकमेकांची लग्नपत्रिका जाते. माणसे जात नाहीत.

या प्रकरणात टंकलेखकाला दोष देणे सोपे आहे. पण तो कागद मी वाचला होता. मी एम. कॉम., दिवसभर इंग्रजी कागद हाताळणारा. मला शंका का आली नाही? कारण मी डोळ्यांनी वाचले, तोंडाने उच्चारले, आणि त्यांनी कानांनी ऐकले. या चिन्हाला उच्चारच नाही. एका भावाचे म्हणा, अनेक भावांचे म्हणा, किंवा नुसते भाऊ म्हणा, इंग्रजीत तिन्हींचा ध्वनी एकच. मोठ्याने वाचून दाखवलेल्या कागदात ही चूक सापडणे शक्यच नव्हते. त्यावर मी ‘पुतण्यांना’ असा मोघम मराठी शब्द योजून राहिलेली फटही बुजवली. ‘कोणत्या भावाचे मुलगे?’ हा एक प्रश्न विचारला असता, तर पुढची सहा वर्षे वाचली असती. तो प्रश्न मी विचारला नाही.

मराठीत हाच कागद असता तर? ‘भावाच्या मुलांना’ आणि ‘भावांच्या मुलांना’. फरक एका अनुस्वाराचा, पण तो कानाला ऐकू येतो. वाचणाऱ्याला तो उच्चारावा लागतो आणि ऐकणाऱ्याला टोकता येतो. आपल्या भाषेतील तो टिंब इंग्रजीतील चिन्हाचेच काम करतो आणि वर आवाजही देतो. अर्थात टिंब देण्याचा आळस केला, तर मराठीही वाचवू शकत नाही.

काय करावे?

म्हणून माझी विनंती. मृत्युपत्र इंग्रजीतच हवे, असा कोणताही दंडक नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ७४ प्रमाणे मृत्युपत्रात कायद्याची पारिभाषिक भाषा आवश्यक नाही. लिहिणाऱ्याचा हेतू कळावा, एवढेच पुरे. कलम ६३ प्रमाणे ते दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे लागते. तेव्हा ज्या भाषेत आपण घरात बोलतो, त्या भाषेत लिहावे. नाते लिहावे, पण नात्यावर थांबू नये. प्रत्येकाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि वाट्याचा अपूर्णांक लिहावा. ‘दोन पंचमांश’ या शब्दात कोठेही चिन्ह विसरण्याची सोय नाही.

बँकेच्या खात्यांवरही हेच दक्षतेचे धोरण ठेवावे. संयुक्त खात्यावरील “आयदर ऑर सर्व्हायव्हर” म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, किंवा हयात असेल तो. हा आपला वैकल्पिक द्वंद्वच. ‘अँड’ आणि ‘ऑर’ यांतला फरक सही करण्याआधी वाचावा. नामनिर्देशन अवश्य करावे, आणि हेही लक्षात ठेवावे की नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, त्याने वारसाहक्क ठरत नाही.

आता ताई, आपल्या पाटीचे उत्तर. दुकान एक आणि भाऊ दोन, म्हणून चिन्ह केवळ शेवटच्या नावाला. ते अवघड वाटत असेल, तर चिन्ह टाळून दोन्ही नावांपुढे “क्लॉथ स्टोअर्स” हे शब्द नुसते जोडावेत. तेही तितकेच शुद्ध. मोठ्या भावाचे नाव आधी आले, तर चिन्ह धाकट्याच्या नावाला लागेल. त्याने कोणी कोणाहून अधिक मालक होत नाही, हे आपल्या पेंटरलाही सांगावे.

एक गोष्ट मात्र पाटीपेक्षा आधी पाहावी. पाटीने मालकी सिद्ध होत नाही. भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे भागीदारी करारातून निर्माण होते, नात्यातून नव्हे. दोघे भाऊ आहेत म्हणून भागीदार ठरत नाहीत. करारपत्र लेखी असावे, त्यात दोघांचा हिस्सा आकड्यांत असावा, आणि संस्थेची नोंदणी करून घ्यावी. नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर कलम ६९ मुळे थकबाकीदारावर करारातील हक्कासाठी दावा लावता येत नाही. करारपत्राची एक प्रत घरात मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ऐकणाऱ्यांनी मध्येच विचारावे, ‘म्हणजे नेमके कोणाचे?’

‘माझे’ हा शब्द जितका कमी उच्चारावा तितके बरे, असे आपले मुनिराज व माताजी सांगतात, आणि ते खरेच आहे. परंतु जोवर संसार आहे, दुकान आहे, ठेव आहे, तोवर जे ज्याचे आहे ते नीट लिहून ठेवणे हेही कर्तव्यच. मागे राहिलेल्यांना मग त्या कागदात चिन्हे शोधत बसावे लागत नाही.

पुढील महिन्यात करारपत्रांतील ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन क्रियापदांविषयी लिहीन. आपल्या पाट्यांवरील आणि बिलांवरील शंका जरूर कळवाव्यात.